आधी तार, मग बिनतारी

बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने वकीलसाहेबांना फसवलं. तांब्याची म्हणून खोटी वायर दिली. मला त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण मला फसवून अजून कुणी सुखाने जेवलेलं नाही. पण सौदा माझ्या तोंडून झाला होता. म्हणून वकीलसाहेब गेले तरी माझ्या अंगाची आग थांबलेली नाही.

हे आधी सांगून टाकते. वकीलसाहेबांबद्दल बोलायला लागलं की माणूस त्यांच्या गमतींत वाहून जातो आणि मुद्दा मागे पडतो. ते स्वतःच म्हणायचे, "फिर्याद पहिल्या ओळीत. रडणं मागाहून."

मी त्यांची भाडेकरू. लांज्याला काजूच्या कारखान्यात बी सोलता सोलता बोटांची सालं निघाली, तेव्हा ठरवलं की आता दुसऱ्याचा काजू सोलायचा नाही. रत्नागिरीत आले आणि आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी असं करून विकायला लागले. जागा हवी होती. वकीलसाहेबांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून गेले. त्यांनी भाडं सांगितलं. मी सवयीप्रमाणे निम्म्यावर आणलं.

"निम्मं का?" त्यांनी विचारलं.

"सगळे निम्म्यापासूनच सुरू करतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांगा."

मला नावं सांगता येईनात. ते म्हणाले, "भाडं आहे तेवढंच राहील. पण वाळवणं घालायला तुम्हाला खळं, हे पुढचं अंगण, लागेल, ते तुम्ही मागितलंच नाहीत. जे मिळणार होतं ते मागायचं सोडून, जे सुटणार नाही त्याच्याशी झटापट करताय. खळं वापरा. त्याचे पैसे नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा मी सौद्यात हरले आणि वर खळं घेऊन आले. तेव्हापासून मी त्यांना मानते.

कोर्टात जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण काळा कोट पडवीतल्या खुंटीवर कायम. घरात बनियन आणि अर्धी चड्डी. मात्र कुणाला काही विचारायचं असलं, म्हणजे मीटर बघायला आलेला माणूस, गॅसवाला, नारळ पाडणारा गडी, की त्यावर कोट चढायचा. घामाच्या धारा लागल्या तरी बटणं लावलेली. ते खुर्चीत बसणार आणि समोरच्याने पायरीवर उभं राहायचं. मासेवालीसुद्धा सुटायची नाही.

"ही सुरमई सकाळी पाण्यात होती?"

"होती तर! देवाशपथ."

"कुठल्या पाण्यात? समुद्राच्या का बर्फाच्या?"

मासेवाली टोपली उचलून जायला निघायची, पण जायची नाही. हसत हसत ताजी सुरमई खालून काढायची. वकीलसाहेब भाव कधीच करायचे नाहीत. सांगितला तो द्यायचे. मला ते बघवत नसे. मी म्हणाले, "अहो, तिने तुम्हाला लुटलं." ते म्हणाले, "लांजेकरणी, तू किंमत पाडतेस. मी खोटं पाडतो. खोटं पडलं की किंमत आपली आपण खाली बसते." लांजेकरीण हे माझं नाव त्यांनीच ठेवलं. मला राग यायचा, पण दुसऱ्या कुणी त्या नावाने हाक मारली तर जास्त यायचा.

आणि मळभ. आकाशात पहिला गडगडाट झाला की ते ओरडायचे, "कोर्ट उठलं!" मग घरभर फिरून सगळे प्लग उपटायचे. माझ्या खोल्यांतसुद्धा विचारल्याशिवाय शिरायचे आणि माझा मिक्सर अर्ध्या वाटणावर बंद पाडायचे. मी भांडायची. एकदा शेजारच्या घरात वीज वायरमधून शिरली आणि टीव्ही, फोन, राउटर सगळं जळलं. त्यानंतर मी भांडायचं बंद केलं.

काकूंना, म्हणजे वकीलसाहेबांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला तो दिवाळीच्या आधी. हातपाय हळूहळू सावरले, बोलणं मात्र गेलं. ऐकायच्या सगळं, कळायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन थांबायचा. पुण्याच्या एक बाई फोनवर, चेहरा दाखवून, बोलायला शिकवतात असं डॉक्टरांनी सुचवलं. त्या बाई आधी ओठ हलवून दाखवणार, मग काकूंनी तसं करायचं. वेळ ठरली. अडचण एवढीच की काकू शिकायला बसायच्या त्या फक्त माजघरात. तिथे त्यांची बुटकी खुर्ची, खिडकीतून विहीर आणि फणस दिसतो. ओटीवर बसवलं तर रस्त्यावरून जाणारा प्रत्येकजण डोकावणार. वाकडं झालेलं तोंड काकूंना कुणाला दाखवायचं नव्हतं.

आणि घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. ओटीवर कंपनीने दिलेला राउटर होता. पडवीत वायफाय चांगलं, मधल्या खोलीत कसंबसं, माजघरात काही नाही. ते जोडून गेलेला पोरगेला माणूस परत आला, इकडेतिकडे फिरला आणि म्हणाला, "आजींना ओटीवर बसवा की. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

वकीलसाहेब उठले, कोट चढवला, बसले.

"आजारी साक्षीदाराची साक्ष कुठे घेतात?"

"मला काय माहीत, काका?"

"त्याच्या घरी घेतात. कोर्ट त्याच्याकडे माणूस पाठवतं. कोर्ट उठून जातं, साक्षीदार नाही. तुमचं यंत्र उठेल. ही उठणार नाही."

मग आम्ही दुकानात गेलो. ते कोटात, मी पिशवी घेऊन. दुकानदार तेव्हा मला आवडला होता, हेही सांगायला हवं. हसतमुख, ताई ताई करणारा, चहा मागवणारा. त्याने सगळ्यात मोठा खोका काढला.

"हा घ्या साहेब. अख्खं घर कव्हर करतो."

"कुणाचं?"

"म्हणजे?"

"अख्खं घर कुणाचं? तुमचं का माझं? तुम्ही फ्लॅटमध्ये राहता. तुमच्या आतल्या भिंती टिचभर विटेच्या. माझ्या खिडकीत हात घातला तर कोपर भिंतीतच राहतं. ह्या खोक्यावर माझं घर कुठे छापलंय, दाखवा."

"साहेब, चार अँटेना आहेत."

"झुरळाला दोनच असतात. ते कुठेही पोचतं."

दुकानातली गिऱ्हाइकं आपलं काम सोडून ऐकायला लागली. वकीलसाहेबांनी पुढचं विचारलं. बिघडला तर ह्याचा दवाखाना कुठे, इथे की कोल्हापूरला? कंपनी ह्याला नवं औषध किती वर्षं पाठवत राहणार, म्हणजे आतला प्रोग्रॅम सुधारून देणार? इन्व्हर्टरवर चालतो का? दुकानदार घामाघूम झाला. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "बायका साड्या पसंतीला घरी नेतात. चार नेतात, एक ठेवतात, तीन परत. मला हे पसंतीला द्या."

"साहेब, ही काय साडी आहे?"

"म्हणून तर. साडी वाईट निघाली तर कपाटात पडून राहते. हा वाईट निघाला तर माझी बायको गप्प राहते."

दुकानदाराने तीन राउटर पसंतीला दिले. सगळ्या रत्नागिरीत असा पहिलाच प्रसंग असेल. मग रोज एक, अशी आमच्याकडे परीक्षा सुरू झाली. दारं लावून बघायचं, उघडून बघायचं, लोखंडी कपाट मध्ये आणून बघायचं, मिक्सर चालू करून बघायचं. ते माजघरात फोन धरून बसायचे आणि मला दुसरा फोन देऊन ओटीवर उभं करायचे.

"बोल गो लांजेकरणी."

"काय बोलू?"

"भांड कुणाशी तरी. तू भांडताना मध्येच तुटतेस का, ते बघायचंय."

मी नारळवाल्याला हाक मारून खरंच भांडले. आत काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. वकीलसाहेब ओरडले, "शिव्या पोचल्या! भाव तुटला!"

त्या परीक्षेतच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मधल्या खोलीत पाण्याने भरलेले हंडे ठेवले की रेंज पडते, उचलले की सुधारते. "पाणी आवाज पितं," ते म्हणाले. हा शोध लागल्याचा त्यांना एवढा आनंद झाला की वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्यांनी तो सांगितला. दुकानदारालाही सांगितला.

चार अँटेनावाला पहिल्याच दिवशी बाद झाला. ते त्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्याला ताप आहे. हा कोकणातला मे काढणार नाही." दुसऱ्याचे दिवे सारखे लुकलुकायचे. काकूंनी त्यावर रुमालच टाकला. तिसरा साधा, चपटा, गार. त्याची दुरुस्ती गावातच व्हायची. काकूंनी त्यावर बोट ठेवलं आणि पसंती झाली.

पण त्याने एकट्याने माजघर गाठलं नाही. तिघांतल्या कुणीच गाठलं नाही. नुसता मध्ये, ओटीवरची रेंज पकडून पुढे ढकलणारा, एक रिपीटर लावा, असं सगळे सांगत होते. वकीलसाहेबांनी ऐकलं नाही. "अर्धवट ऐकलेलं तो पुढे अर्धवटच सांगणार. ऐकीव साक्ष मला चालत नाही." त्यांनी त्याच जातीचे दोन घ्यायचे ठरवले. एक ओटीवर. दुसरा कोठीच्या खोलीत, माजघराच्या दारावर. आणि दोघांच्या मध्ये घराच्या बाहेरून, वळचणीखालून, चांगली वायर. मला म्हणाले, "लोक म्हणतात बिनतारी पाहिजे, म्हणून तारेवर पैसे वाचवतात. उलटं आहे. आधी तार, मग बिनतारी." मी आता ज्यांना ज्यांना घरात वायफाय घ्यायचं असतं त्यांना हेच वाक्य सांगते. ते खोटं ठरलेलं मी बघितलेलं नाही. खोटी निघाली ती तार.

वायरचा सौदा मी माझ्याकडे घेतला. वकीलसाहेब म्हणाले होते, "सांगेल ते दे." ते मला कसं जमणार? मी दुकानदाराला आधी विचारलं, "पूर्ण तांब्याची?" तो म्हणाला, "ताई, शंभर टक्के. खोक्यावर लिहिलंय बघा." लिहिलं होतं. मग मी भाव खाली आणला. त्याने डोक्याला हात लावला. मी पायरी उतरले, त्याने परत बोलावलं. पुन्हा उतरले, पुन्हा बोलावलं. शेवटी हसून म्हणाला, "तुमच्यापुढे हरलो ताई." मी खूश होऊन घरी आले.

सगळं लागलं, चालू झालं आणि काय सुरेख चाललं! पुण्याच्या बाई माजघरात जणू समोर बसल्यासारख्या दिसायच्या. काकू आधी नुसते ओठ हलवायच्या. मग "आ" आला. मग "म" आला. वकीलसाहेब त्या वेळी आत जायचे नाहीत. पडवीत पेपर उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत.

फाल्गुनात एकदा मी खळ्यात आमसुलं फिरवत होते. आतून स्पष्ट आवाज आला, "अहो."

वकीलसाहेब पेपरातून मान वर न करता, इतकी वर्षं द्यायचे तसंच उत्तर देऊन गेले, "काय?" मग त्यांना उमगलं, कुणी हाक मारली ते. ते उठले, चष्मा पडला, तो न उचलता आत गेले. मी आमसुलांकडे बघत राहिले. आतून पुन्हा "अहो" आलं. या वेळी त्यांचं उत्तर काही ऐकू आलं नाही.

एवढा एकच शब्द होता काकूंजवळ. पण त्या एका शब्दावर त्यांचा संसार चालला होता. दुसऱ्या कुठल्या नावाने काकूंनी त्यांना हाक कधी मारलीच नव्हती.

मग आंबे उतरले. दरवर्षीसारखी कोठीच्या खोलीत पेंढ्यात आढी घातली आणि नेमकं त्याच सुमाराला वायफाय अडखळायला लागलं. पुण्याच्या बाई बोलता बोलता थिजायच्या. तोंड उघडं, आवाज नाही. काकू घाबरून स्वतःच्या ओठांना हात लावायच्या. त्यांना वाटायचं, अडलं ते आपल्याच तोंडात. मी सांगायची, "काकू, ते नेट आहे, तुम्ही नव्हे." त्या मान हलवायच्या, पण हात ओठांवरून काढायच्या नाहीत.

दुकानदार बघायला आला. कोठीत गेला, आंब्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीच नाही का सांगितलंत, पाणी आवाज पितं? मग आंबा म्हणजे काय? पाण्याचीच पिशवी."

वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. मी तिथेच उभी होते, मी बघितलं. आयुष्यभर दुसऱ्याचं प्रत्येक वाक्य उलटंसुलटं करून बघणारा तो माणूस, पण स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं तेव्हा त्याने उलटतपासणी घेतली नाही. कोटही घातला नाही. "बरोबर," म्हणाले. "अगदी बरोबर."

सगळी आढी माझ्या खोलीत आली. मी आंब्यांच्या वासात झोपायला लागले. थोडे दिवस बरं चाललं, कारण, हे मागाहून कळलं, आवराआवरीत वायर हलून पुन्हा नीट टेकली होती. मग पुन्हा तेच. मग हंडे बाहेर गेले, मग पत्र्याचे डबे गेले, मग लोखंडी कपाट गेलं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं की आंबा आला की वायफाय जातं. लोक वकीलसाहेबांना येऊन विचारायचे आणि ते समजावून सांगायचे. इकडे काकूंनी एके दिवशी फोन उचलून पालथा ठेवला आणि तोंड विहिरीकडे केलं. पुढच्या वेळी पुण्याच्या बाई हाका मारत राहिल्या. काकूंनी मान वळवली नाही. त्यांचा "आ" गेला, "म" गेला. "अहो" गेलं.

मे संपत आला होता. एका दुपारी गडगडलं. "कोर्ट उठलं!" म्हणत वकीलसाहेब उठले आणि कोठीतल्या राउटरची वायर ओढली. वायरचं टोक त्यांच्या हातात तुटून आलं आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. ते खिडकीशी गेले. खिशातून सुपारीचा अडकित्ता काढून वायर सोलली, आतली तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. अॅल्युमिनियमला वरून तांब्याचं पाणी दिलेलं. खाऱ्या हवेने ते आतल्या आत खाल्लं होतं.

"फितूर," ते म्हणाले. आणि मग बोटांची भुकटी पुसत, "आंबे बिचारे उगाच बदनाम झाले."

आम्ही दुकानात गेलो. कोट होता. मी तोंड उघडायच्या आत दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, ह्या ताईंनी भाव किती पाडला विचारा. त्या भावात काय येणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मेल्या, मी भाव पाडला, तांबं नाही पाडलं! सौदा ठरेपर्यंत मी तुझी वैरीण, ठरल्यावर माल तो माल! मी लांज्याच्या बाजारात लहानपणापासून सौदा करतेय. भाव कमी मिळाला म्हणून कुणी मला काजू म्हणून चिंचोके दिले नाहीत!" मी काउंटरवर हात आपटला. त्याचा चहा सांडला.

वकीलसाहेबांनी मला हाताने थांबवलं. वायरचा रिकामा खोका त्यांनी घरून आणला होता. तो पुढे ठेवून हळू आवाजात विचारलं, "ह्या खोक्यावर 'पूर्ण तांबं' असं छापलंय. हे हिने भाव पाडल्यानंतर छापलंत, की आधी?"

दुकानदाराने दुसरी वायर काढून दिली आणि आधीचे पैसेही परत केले. वकीलसाहेबांनी दुकानातच नवी वायर सोलून, खरवडून बघितली आणि निघाले.

मला वाटलं, आता हा माणूस कोर्टात उभा राहणार. गॅसवाल्याला आणि पाणीपट्टीला न सोडणारा हा माणूस! मी रोज विचारायची, "फिर्याद केलीत?" एक दिवस चिडून म्हणाले, "काय मागू, लांजेकरणी? वायर मिळाली. पैसे मिळाले. कोर्ट विचारणार, उरलेलं नुकसान काय? मी काय सांगू? की हिने मला हाक मारली होती, आणि आता मारत नाही?"

नवी वायर लागली ती आजतागायत एकदाही अडखळलेली नाही. वादळात नाही, आंब्यांत नाही. आढी पुन्हा कोठीत गेली, हंडे जागेवर आले. वकीलसाहेबांची निवड पहिल्यापासून बरोबर होती, राउटरही आणि रचनाही. त्यांच्या सांगण्यावरून आमच्या आळीत ज्यांनी ज्यांनी तशी मांडणी केली, ते आजही त्यांचं नाव घेतात. पण काकू काही केल्या फोनसमोर बसेनात. वकीलसाहेबांनी कधी जबरदस्ती केली नाही. पडवीत पेपर घेऊन बसत, कान आत. गेल्या थंडीत ते झोपेतच गेले.

दुकानदार भेटायला आला होता. ओटीवर बसला, डोळे पुसले. म्हणाला, "साहेबांसारखा माणूस आता होणे नाही." मला त्याला पायरीवर उभं करायचं होतं, पण माणसं जमली होती. मी गप्प बसले, आणि मी अशी कधी बसत नाही.

काकू आता पुन्हा शिकायला बसतात. स्वतःहून बसल्या. मी शेजारी असते. थोडे शब्द आलेत. ज्याला हाक मारायची तो पडवीत नाही.

म्हणून आता मी विचारते, उघड विचारते, आणि हे वाचून कुणी त्या दुकानात जाणार असेल तर त्यानेही विचारावं. वायरीचा हिशेब मिटला. मला त्याच्याकडून काही घेणं नाही. पण दुकानदारा, एवढं सांग, भाव परवडत नव्हता तर तू मला "नाही" का म्हणाला नाहीस? मी पायरी उतरून गेले असते, दुसरीकडून आणली असती. एक शब्द लागला असता, आणि तुझं तोंड तर धडधाकट होतं. ये आमच्याकडे. ओटीवर नको, आत माजघरात ये. काकू खिडकीशी बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर उभा राहा आणि उत्तर दे.